मय्यतीची अखेरची सेवा



शिक्षणाच्या समारंभात मृत्यूचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु जे काम प्रत्येक घरात एक ना एक दिवस करावेच लागते, ते शिकणे हेही शिक्षणच होय.

आज काय दिसते? घरात मय्यत होते. मुलगा पदवीधर असतो, पण गुस्ल कोण देणार हा प्रश्न निघाला की तो दाराबाहेर उभा राहतो. मोहल्ल्यातील एखाद्या वृद्ध गृहस्थांना बोलावणे जाते. ते परगावी असले की धावाधाव होते. मय्यत स्त्रीची असेल तर अडचण दुप्पट, कारण ते काम स्त्रियांनीच करावयाचे आणि जाणत्या स्त्रिया तर त्याहून थोड्या.

गुस्ल, कफन, जनाज्याची नमाज आणि दफन ही चारही कामे फर्जे किफाया आहेत. काहींनी केली तर सर्वांची जबाबदारी फिटते. कोणीच केली नाहीत तर सारी वस्ती गुन्हेगार ठरते. इ.स. 632 मध्ये मदीना येथे पैगंबरसाहेबांचे (स.) निधन झाले, तेव्हा गुस्ल देणारे हात घरचेच होते : हजरत अली, चुलते हजरत अब्बास आणि त्यांचे पुत्र. कफनासाठी तीन पांढरी सुती वस्त्रे होती. एवढेच.

पद्धत अवघड नाही. मय्यतीला तख्त्यावर ठेवून नाभीपासून गुडघ्यापर्यंत चादर झाकलेलीच ठेवतात. हाताला कापड गुंडाळून, पोट हलकेच दाबून आधी स्वच्छता करतात. मग वजू देतात आणि बोरीची पाने घालून कोमट केलेल्या पाण्याने आधी उजवी, नंतर डावी बाजू धुतात. पाणी तीन वेळा, गरज पडल्यास पाच वेळा. संख्या विषम असावी. शेवटच्या पाण्यात कापूर घालतात. अंग पुसून कपाळ, नाक, तळहात, गुडघे व पावले या सजद्याच्या जागी कापूर लावतात. पुरुषाला तीन कपडे व स्त्रीला पाच. आपल्याकडे हनफी आणि कोकणातील शाफई यांच्या रीतीत थोडा फरक आहे. तो आपापल्या इमामसाहेबांकडून समजून घ्यावा.

या कामात हळुवारपणा हाच मोठा नियम आहे. जिवंत माणसाला जपावे तसे त्या देहाला जपावयाचे. गुस्ल देताना काही व्यंग दिसले तर ते बाहेर बोलावयाचे नाही. कफन बांधण्यापूर्वी आप्तांना चेहरा दाखवावा, डोळ्यांतून पाणी आले तर येऊ द्यावे. परंतु दर्शनासाठी तासन्‌तास दफन लांबवू नये.

पालकहो, एका गोष्टीचा विचार करा. श्रीमंताचे कफन आणि हमालाचे कफन यांत फरक नसतो. दोघांच्या कफनाला खिसाही नसतो. मरहूमच्या मालमत्तेतून आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि त्यानंतर वारसांचा वाटा, असा क्रम शरीयतने लावून दिला आहे. चाळीसाव्याच्या जेवणावळीसाठी कर्ज काढणाऱ्याने हा क्रम आठवावा. तोच पैसा एखाद्या यतीम मुलाच्या फीला लागला तर मरहूमच्या नावाने सदका होईल.

सन 2020 च्या कोरोना साथीत कित्येकांना आपल्या आई-बापाच्या देहाला हातही लावता आला नाही. दूर उभे राहून त्यांनी दफन पाहिले. त्यांची इच्छा होती, पण परवानगी नव्हती. आज आपल्याला कोणाची मनाई नाही, आणि तरीही आपण मागे सरतो, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक मोहल्ल्यात वर्षातून एकदा मुलांसाठी व मुलींसाठी वेगवेगळा वर्ग घ्यावा. मशिदीतले तख्त आणि एक कापडाचा तागा एवढेच साहित्य लागेल. दहावी-बारावीची मुले ते सहज शिकतील. मुलांना भीती वाटेल म्हणून त्यांना दूर ठेवू नका. भीती न पाहिलेल्या गोष्टीची अधिक असते.

विद्यार्थी मित्रांनो, ज्या हातांनी लहानपणी तुम्हांला न्हाऊ-माखू घातले, त्या हातांना अखेरचे पाणी तुमच्याच हातून मिळावे, ही त्यांची अपेक्षा असते. ते बोलून दाखवत नाहीत. तुम्ही ओळखून घ्या, आणि वेळ येण्याआधीच शिकून ठेवा.

खुदा हाफिज.