श्रमसंस्कार आणि बालश्रम

(पालक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या मध्यमवर्गीय घरांतील एक तक्रार सार्वत्रिक आहे. मुलांना कामाची सवय राहिली नाही, जेवलेले ताट उचलणेही त्यांना जड जाते. तक्रार खरी आहे. पण त्याच घरांतील आपण मंडळी रस्त्यावरच्या टपरीवर थांबतो, दहा-बारा वर्षांचा मुलगा पेले विसळून चहा आणून देतो आणि ‘पोरगा मोठा चुणचुणीत आहे’ असे कौतुक करून आपण पुढे जातो. आपल्या मुलाच्या बालपणाला एक माप आणि या मुलाच्या बालपणाला दुसरे. या दुहेरी मापाविषयी आज मला बोलायचे आहे.

आपल्या परंपरेत मूल आणि काम यांची फारकत नव्हती. गुरुकुलातील शिष्य समिधा आणी, गायी राखी. कुंभाराचे पोर माती मळता मळता चाकावर बसायला शिके. शेतकऱ्याचा मुलगा औतामागे चालता चालता ऋतू ओळखू लागे. काम हेच शिक्षण होते आणि शिकवणारा बाप शेजारी उभा असे. मात्र या चित्राचा अभिमान बाळगताना त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कोणते काम शिकायचे हे जन्माने आणि जातीने आधीच ठरलेले असे. आणि कडेवर धाकटे भावंड, डोक्यावर घागर घेतलेल्या कित्येक मुलींना अक्षरओळख कधी झालीच नाही.

पुढे गिरण्या आल्या आणि मुलाच्या कामातील शिक्षण गेले, उरली ती मजुरी. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली. नऊ तास ही सवलत ठरली, यावरून त्यापूर्वीची स्थिती ध्यानात यावी. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा आणि स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कायद्याने चौदा. बालपण कोठवर मानायचे, याविषयीची समाजाची कल्पना किती सावकाश बदलली, हे या चार आकड्यांत दिसते.

केवळ बंदीने प्रश्न सुटत नाही, मुलाला शाळेत नेले पाहिजे, हे आपल्या धुरीणांनी ओळखले होते. बडोद्यात महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तेच पाऊल उचलले. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले, ते पुढील वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणहक्काचा कायदा देशात लागू झाला तो २०१० मध्ये. गोखल्यांच्या विधेयकानंतर तब्बल ९९ वर्षांनी!

मग श्रमाला शिक्षणात स्थान नाही काय? १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची कल्पना मांडली. सूत कातता कातता गणित, भूगोल आणि इतिहास शिकावा, अशी ती योजना. मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च निघावा, अशीही अपेक्षा होती. मात्र योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीने तेव्हाच इशारा दिला होता की, उत्पन्नाच्या नादात शिक्षणाचा बळी जाऊ नये. मला वाटते, श्रमसंस्कार आणि बालश्रम यांतील सीमारेषा येथेच आहे. काम मुलाच्या वाढीसाठी असेल तर तो संस्कार; मुलाची वाढ खुंटवून दुसऱ्याची सोय होत असेल तर ते शोषण.

ही सीमारेषा कृतीत कशी आणावी, हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी दाखवले. १९४५ मध्ये बोर्डीत सुरू झालेले ग्राम बाल शिक्षा केंद्र पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखत, म्हणून शाळेत येत नसत. या विदुषींनी त्यांना दोष दिला नाही. गुरे जेथे चरत तेथे शिक्षक पाठवले आणि ‘कुरणशाळा’ उभी राहिली.

आज कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. २००६ पासून घरकामाला व धाब्यांवर लहान मुले ठेवण्यास बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत मनाई केली. अपवाद मुख्यतः शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाला केलेल्या मदतीचा. तरीही २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वयोगटातील एक कोटीहून अधिक मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली. बीडकडचे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल घेऊन पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मजुरी टनावर. मुलगा वाढे गोळा करतो, थोरली मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते. त्यांच्या कामाची कोठेच मोजदाद नसते, आणि तेवढ्यात शाळेचे अर्धे वर्ष सरते. याला ‘कुटुंबाला मदत’ म्हणून आपण गप्प बसायचे काय?

म्हणून दोन गोष्टी सांगतो. आपल्या मुला-मुलींना घरातले काम अवश्य द्या. दळण आणणे, केर काढणे, आजोबांचे औषध वेळेवर देणे. त्यात मुलगा-मुलगी हा भेद नको. आणि जे काम आपल्या दहा वर्षांच्या मुलाला आपण देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाकडून करवून घेऊ नका. ज्या कार्यकर्त्यांच्या गावांतून ऊसतोडीच्या गाड्या निघतात, त्यांनी त्यापूर्वीच घरोघरी जावे. गावात हंगामी वसतिगृह चालू आहे का ते पाहावे, नसल्यास त्यासाठी पाठपुरावा करावा, आणि मुलांना आजी-आजोबांजवळ ठेवणाऱ्या कुटुंबांना आधार द्यावा. कोसबाडला शिक्षक कुरणापर्यंत गेले होते. आपल्याला तर आपल्याच गावातल्या दारापर्यंत जायचे आहे.