नांगर, साखळी आणि शेजारी

(कोजागरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त करून.)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, माझ्या भिशीच्या मैत्रिणींनो आणि मागच्या रांगेत मोबाईल बघत बसलेल्या मुलांनो,

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचा, त्यावर तिरके बाण ओढायचे आणि सांगायचं, "हे व्यापारी वारे. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. जुन्या काळी जहाजं यांच्याच जोरावर अटलांटिक ओलांडत." मुलं वहीत उतरवून घ्यायची. पण ते वारे स्वतःच्या अंगावर घ्यायला मला वयाची पासष्टी उलटावी लागली.

मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. जावयांना शिडाच्या बोटींचा नाद आहे, त्याचं रीतसर शिक्षणही त्यांनी घेतलंय. गेल्या फेब्रुवारीत त्यांनी सेंट लुसियाला एक बोट भाड्याने घेतली आणि म्हणाले, "आई, तुम्ही यायचंच." हे गेल्यापासून मी कुठे लांब गेले नव्हते. पोहता येत नाही हे कारण सांगून पाहिलं. जावई म्हणाले, "लाइफ जॅकेटला येतं."

सेंट लुसिया म्हटलं की आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना डॅरेन सॅमी आठवेल. वेस्ट इंडिजने २०१२ आणि २०१६ चा टी-ट्वेंटी विश्वचषक ज्याच्या कप्तानीखाली जिंकला, तो याच बेटाचा. बेट केवढं? मुंबई शहर आणि उपनगरं मिळून जेवढी जागा होते, साधारण तेवढं. लोकवस्ती मात्र दोन लाखांच्या आत! इंग्रज आणि फ्रेंचांनी हे बेट एकमेकांकडून इतक्या वेळा हिसकावलं की राज्य १४ वेळा बदललं असं सांगतात. म्हणून सरकारी भाषा इंग्रजी, गावांची नावं फ्रेंच आणि घरात बोलतात ती क्रेओल. १८५९ पासून आपल्याकडचे मजूरही करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांची आठवण म्हणून रोटी तिथे अजून मिळते, आत भाजी किंवा मटण भरलेली. बाजारात आपल्या कोकणातला नीरफणस दिसला, तेव्हा तर मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं.

आता बोटीकडे येते. आम्ही बेटाच्या पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलो. पश्चिमच का? आपल्याकडे पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि थेट कोकणावर आदळतो. तिथे उलटं. वारा पूर्वेकडून येतो, मधल्या डोंगरांना अडतो आणि पश्चिमेची बाजू आडोशाला राहते. त्यामुळे समुद्र पुष्कळ शांत असतो. कधी कधी डोंगराआड वारा इतका पडतो की शीड ओल्या धोतरासारखं लोंबतं आणि इंजिन लावावं लागतं. मग एखादी दरी येते आणि तिच्यातून असा झोत सुटतो की बोट एका कुशीवर कलते. पहिल्यांदा बोट कलली, तेव्हा मी रामरक्षा सुरू केली. तिसऱ्यांदा कलली, तेव्हा माझ्या हातातला चहासुद्धा सांडला नाही.

पण सांगायची गोष्ट आहे ती पहिल्या रात्रीची. रॉडनी बे नावाच्या उपसागरात, पिजन आयलंडच्या टेकडीजवळ आम्ही मुक्काम केला. आजूबाजूला वीस-पंचवीस बोटी होत्या. जावयांनी नांगर टाकला आणि साखळी सोडू लागले. पाणी पाच मीटर खोल असेल, तर साखळी निदान पंचवीस मीटर सोडायची असा नियम. साखळी लांब असली की ती तळावर आडवी पडते, बोटीची ओढ आडवी लागते आणि नांगर वाळूत अधिक रुततो. आखूड असली की ओढ वर लागते आणि नांगर उपटला जातो. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. त्या संध्याकाळी मी म्हणाले, "अहो, पुरे झालं. समुद्र बशीसारखा आहे. जेवण गार होतंय." जावई भिडस्त. सासूबाईंचं ऐकून त्यांनी पंधरा मीटरवर थांबवलं.

रात्री दोनच्या सुमाराला बोटीच्या कुशीवर धपाधप थापा ऐकू आल्या. वर येऊन बघतो तर पाऊस, सोसाट्याचा वारा, आणि आमची बोट नांगरासकट मागे सरकतेय. मागच्या बोटीपासून आम्ही या गच्चीच्या रुंदीएवढ्या अंतरावर. आणि आमच्या शेजारी छोट्या रबरी होडीत एक म्हातारा, माझ्याहूनही मोठा, भिजत उभा. तो पलीकडच्या बोटीवरचा. आमची बोट सरकताना दिसली, म्हणून तेवढ्या वाऱ्यात होडी घेऊन उठवायला आला होता. जावयांनी इंजिन लावलं, मुलीने नांगर वर घेतला. नव्या जागी पस्तीस मीटर साखळी सोडली आणि नांगर धरला हे बघेपर्यंत तो तिथेच थांबला.

सकाळी मी शिरा करून त्यांच्या बोटीवर नेला. आभार मानायला लागले, तर त्याची बायको म्हणाली, त्यात काय, नांगर टाकला की एक कान शेजाऱ्याच्या बोटीकडे ठेवायचाच असतो. कधी आमचीही सरकलेली आहे.

पुढे आम्ही सुफ्रिएरला गेलो. समुद्रातून सरळ उभे राहिलेले पिटन नावाचे दोन सुळके पाहिले. त्या देशाच्या झेंड्यावरचे त्रिकोण म्हणजे हेच. २००४ पासून ते जागतिक वारसा आहेत. तिथे नांगर टाकायला बंदी आहे, कारण नांगराने खालचं प्रवाळ मोडतं. ठरवून दिलेल्या बोयाला दोर बांधायचा आणि त्याची फी भरायची. संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडाला, अगदी आपल्या कोकणातल्यासारखा. सगळं सुंदरच होतं. पण डोळे मिटले की मला त्या थापाच ऐकू येतात.

कारण तशा थापा मी स्वतः मारलेल्या आहेत. यांच्या छातीत दुखायला लागलं त्या रात्री मी समोरच्या दारावर हात आपटले होते. बेल आहे हेही सुचलं नाही. समोरचे दोघं होते त्या कपड्यांत धावले, वॉचमनने गाडी काढायला जागा करून दिली. हे वाचले नाहीत. पण त्या रात्री मी एकटी नव्हते.

तेव्हा पंचवीस वर्षांची सोसायटी झाली, आता रंग काढूया, लिफ्ट बदलूया, जरूर बदलूया. पण आज आपल्या तीन विंगमध्ये माझ्यासारखी एकटी राहणारी अकरा माणसं आहेत. मी मोजली आहेत. प्रत्येकाची एक किल्ली आणि मुलांचे फोन नंबर शेजारच्या एका घरात असावेत, एवढी माझी कमिटीला विनंती आहे. माझी किल्ली मी कालच समोर दिली.

आता दूध आटलंय, मी थांबते. सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या शुभेच्छा.