अकरावीचे विषय निवडताना



दहावीचा निकाल लागला की गोव्यातील घराघरांतून 'सायन्स की कॉमर्स?' हा एकच प्रश्न ऐकू येतो. माझी विनंती अशी की, प्रथम पुढील अभ्यासक्रमाची प्रवेशाची अट वाचावी आणि मगच विषय ठरवावेत.

बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावयाचे तर 'नीट' परीक्षेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे. तेथे गणिताची अट नाही. गोव्याच्या आय.आय.टी.साठी मात्र गणित अपरिहार्य आहे. हे सर्वांस ठाऊक असते. ठाऊक नसते ते वेगळेच. २०२२ पासून दिल्ली विद्यापीठाचे पदवी प्रवेश 'सीयूईटी' परीक्षेवर होतात, आणि तेथे अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी गणिताचा पेपर द्यावाच लागतो. गणित जड जाते म्हणून अकरावी वाणिज्यला ते सोडणारी हुशार मुलगी सोळाव्या वर्षीच हे दार नकळत लावून घेते.

गणित सर्वांनीच घ्यावे, असा माझा आग्रह नाही. नावडत्या विषयात गुणही पडत नाहीत. परंतु विषय सोडताना त्याबरोबर आपण काय सोडतो आहोत, हे जाणून सोडावे, इतकेच सांगणे.