दोन कलशांतला निरोप



मृत्यूनंतर माणसाचे काय होते, हा प्रश्न तत्त्वज्ञांच्या आधी एखाद्या मातेने विचारला असावा. १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील सुवर्णाने जगाचे डोळे दिपले. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठच्या इनामगावातही मातीखाली जपलेले होते.

तेथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन महाविद्यालयाने उत्खनन केले. सुमारे तीन सहस्र वर्षांपूर्वीची ती शेतकऱ्यांची वसाहत. तिथली माणसे आपल्या मृतांना दूर नेत नसत. राहत्या घराच्या जमिनीखाली वा अंगणातच पुरत. तान्हे मूल गेले की दोन कलश तोंडाला तोंड लावून आडवे ठेवीत आणि त्यांच्या पोकळीत त्याला निजवीत. मातेच्या उदराचीच ती प्रतिकृती, असे मला वाटते. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून ठेवीत. शेजारी भांडी, बहुधा अन्नपाण्याची. वाटेत त्याला तहान लागेल, ही काळजी त्या दोन-चार भांड्यांत आहे आणि ती राजाच्या सुवर्णाहून उणी नाही.

मात्र तेथील प्रौढांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. मृताने घर सोडून जाऊ नये यासाठी ती तोडली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे प्रेम आणि भय एकाच खड्ड्यात! त्याच वस्तीतील पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात मात्र एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसलेला सापडला. त्या घराला धान्याचे कोठारही होते. मानमरातब मृत्यूनंतरही सुटला नव्हता, हेही आपण मान्य केले पाहिजे.

आजही आपण तान्ह्या मुलाला अग्नी देत नाही, भूमीत ठेवतो. पितृपक्षात पान वाढतो. इनामगावपासून आपल्यापर्यंत हीच परंपरा अखंड चालत आली, असा दावा मी करणार नाही. तेवढा पुरावा हाती नाही आणि पुराव्यावाचून केलेला अभिमान पूर्वजांना शोभणारा नव्हे. माझे म्हणणे एवढेच, की ज्यांच्यापाशी लिपी नव्हती, त्यांनी आपला शोक मातीत लिहून ठेवला. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. यंदा पितरांना पाणी देताना एक ओंजळ त्या अनामिकांसाठीही सोडावी, ही विनंती.