सहीचे मोल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळ्ळंदूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था घरापासून दूर, परभाषिक नगरात टिकते, याचा अर्थ कोणीतरी दर वर्षी वर्गणीची पावती फाडली, कोणीतरी सतरंज्या उचलल्या आणि कोणीतरी सभेचे इतिवृत्त नेमाने लिहिले. अशा निरलस कार्यकर्त्यांना वंदन करून आम्ही आजच्या विषयाकडे वळतो. चालकांनी ‘नागरिक आणि शासन’ असा विस्तृत विषय आमच्यावर सोपविला होता. त्यातील एकाच लहानशा गोष्टीबद्दल बोलावे असे आम्ही योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे अर्ज, आणि त्याखालची सही.

अलीकडे आपणां सर्वांच्या मोबाईलवर आठवड्यातून दोन-चार तरी सहीपत्रके येतात. कोणाला झाडे वाचवायची असतात, कोणाला शाळेसमोर गतिरोधक हवा असतो, तर कोणाला एखादा कायदाच रद्द करून हवा असतो. बोट टेकवावे की सही झाली! आपल्यापैकी अनेकांची मुलेबाळे ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्याकडूनही तेथील संसदेकडे चाललेल्या ऑनलाइन अर्जांच्या वार्ता कानी येतात. अशा सह्यांनी काही होते काय, की ही केवळ मनाची समजूत आहे, असा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर ‘होते’ किंवा ‘होत नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. ते शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

राजाकडे अर्ज करण्याचा प्रजेचा हक्क ब्रिटनने १६८९ च्या हक्कांच्या कायद्यात नमूद केला. या हक्काचा सर्वांत मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात चार्टिस्ट चळवळीने केला. सर्व प्रौढ पुरुषांना मत, गुप्त मतदान, सभासदांना वेतन, संपत्तीच्या अटीचे उच्चाटन, समान मतदारसंघ आणि दरवर्षी संसदेची निवडणूक, अशा सहा मागण्या घेऊन कामगारांनी १८३९, १८४२ आणि १८४८ असे तीनदा संसदेचे दार ठोठावले. १८४२ च्या अर्जावर तर ३३ लाखांवर सह्या होत्या. तिन्ही वेळा संसदेने पाठ फिरविली. परंतु गुप्त मतदान १८७२ मध्ये आले, सभासदांना वेतन १९११ मध्ये मिळू लागले, आणि वार्षिक निवडणूक सोडली तर बाकीच्या मागण्याही कालांतराने कायद्यात उतरल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची हकिकतही अशीच आहे. १८६६ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी संसदेत सादर केलेल्या अर्जावर अवघ्या १,४९९ स्त्रियांच्या सह्या होत्या. पुरुषांच्या बरोबरीने मत मिळण्यास १९२८ साल उजाडावे लागले. म्हणजे ३३ लाख सह्या त्या दिवशी हरल्या, आणि दीड हजार सह्याही त्या दिवशी हरल्याच; पण ज्यांनी त्या गोळा केल्या ते घरी जाऊन बसले नाहीत.

आता संगणकाच्या युगाकडे पाहू. २००६ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या कार्यालयाने ऑनलाइन अर्जांची सोय केली. लगेच पुढच्या वर्षी, रस्ता वापरण्यावर अंतरानुसार आकार बसविण्याच्या योजनेविरुद्ध सुमारे १८ लाख सह्या झाल्या. ती योजना देशभर कधीच लागू झाली नाही. २०१५ पासून ही व्यवस्था संसद व शासन मिळून चालवितात. १०,००० सह्या झाल्या की शासन उत्तर देते, आणि एक लाख झाल्या की संसदेतील चर्चेसाठी अर्जाचा विचार होतो. २०१९ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय मागे घ्यावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर ६१ लाखांहून अधिक सह्या पडल्या. चर्चा झाली; शासनाने नकार दिला. उलटपक्षी २०२० मध्ये मार्कस रॅशफर्ड या तरुण फुटबॉलपटूने, सुटीच्या दिवसांतही गरीब मुलांना जेवण मिळावे म्हणून केलेल्या अर्जावर दहा लाखांवर सह्या झाल्या, आणि प्रथम नकार देणाऱ्या शासनाला काही आठवड्यांतच निधी जाहीर करावा लागला. ६१ लाख निष्फळ आणि दहा लाख सफल, हे कसे? पहिली मागणी साऱ्या राष्ट्राला दुभंगणारी होती, तर दुसरी नेमकी होती. तिची किंमत मोजता येत होती, आणि तिच्यामागे महिनोन्‌महिने पाठपुरावा करणारा एक माणूस उभा होता.

सह्या किती, एवढेच पाहणे म्हणून पुरेसे नाही. संख्येने शासनाचे लक्ष वेधले जाते. काम मात्र पाठपुराव्याने होते.

ही शिकवण आपणांस ब्रिटनकडून उसनी घेण्याचे कारण नाही. आपल्या पूर्वजांनी ती त्याच संसदेसमोर गिरविलेली आहे. १८५२ मध्ये मुंबईत बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे तिचे आधारस्तंभ होते. कंपनीच्या सनदेच्या नूतनीकरणाची वेळ साधून या संस्थेने ब्रिटिश संसदेकडे अर्ज धाडला आणि देशी माणसांना वरिष्ठ पदांपासून दूर ठेवले जाते, हे गाऱ्हाणे त्यात मांडले. १८५३ च्या कायद्याने नोकरीला स्पर्धा परीक्षेची वाट उघडली, पण परीक्षा लंडनला! ती येथेही व्हावी यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा ठराव. १८९३ मध्ये, दादाभाई नौरोजी संसदेचे सभासद असताना, हिंदुस्थानातही एकाच वेळी परीक्षा घ्यावी असा ठराव संसदेने संमत केला. तो अमलात येऊन येथे पहिली परीक्षा झाली १९२२ मध्ये. आम्ही केंद्र शासनाच्या ज्या सेवेत आयुष्य घालविले, तिचे दरवाजे देशी माणसाला कोणी मेहेरबानीने उघडून दिले नव्हते. जवळजवळ सत्तर वर्षे अर्जांमागून अर्ज लिहिणाऱ्यांची ती पुण्याई आहे. खुर्चीत बसणाऱ्याने समोर आलेल्या अर्जाकडे तुच्छतेने का पाहू नये, याचे याहून सबळ कारण आम्हाला ठाऊक नाही.

पुण्याची सार्वजनिक सभाही आठवावी. १८७० साली ती उभी राहिली ती पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून, म्हणजे अगदी घरच्या, गल्लीतल्या प्रश्नातून. तुम्ही कोणाचे प्रतिनिधी, असा प्रश्न सरकारने विचारण्यापूर्वीच गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६,००० लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रे मिळविली. पाच वर्षांत हीच सभा, हिंदुस्थानला ब्रिटिश संसदेत प्रतिनिधित्व द्यावे, असा अर्ज करण्यापर्यंत पोहोचली. ज्यांच्या हाती ना धन होते ना मान, त्यांनीही हेच साधन उचलले. सैन्यातील बंद झालेली महारांची भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी लेखणी चालविली. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सासवडच्या सभेनंतर १,५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे पाठविला आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. १९१७ मध्ये महारांची स्वतंत्र पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये ती मोडली गेली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. यात महायुद्धांची निकड होतीच. पण निकड निर्माण झाली त्या वेळी मागणी लिखित स्वरूपात टेबलावर हजर होती, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. आपण जेथे बसलो आहोत तेथून बेळ्ळंदूरचा तलाव दूर नाही. सुमारे ९०० एकरांचा हा जलाशय शहराचे सांडपाणी पोटात घेऊन फेसाळू लागला. वाऱ्याबरोबर तो फेस रस्त्यावर आला आणि पाण्यावर आग दिसण्याचा अघटित प्रकार २०१५ मध्ये जगाने पाहिला. २०१७ च्या फेब्रुवारीत पुन्हा धूर उठला तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आपण होऊन दखल घेतली. २०१८ च्या जानेवारीत लागलेली आग विझविण्यास सुमारे ५,००० जवान उतरले. त्याच वर्षी डिसेंबरात न्यायाधिकरणाने राज्य शासनाला ५० कोटी आणि त्यावेळच्या महानगरपालिकेला २५ कोटी रुपये भरण्यास सांगितले, ५०० कोटी वेगळे ठेवावयास लावले, आणि न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती नेमली. ‘आपण होऊन’ हा शब्द कागदावर ठीक आहे. पण वर्षानुवर्षे छायाचित्रे, तक्रारी, सहीपत्रके आणि मानवी साखळ्या यांनी येथील रहिवाशांनी ही दखल घेणे भाग पाडले, असेच आम्ही मानतो.

येथे एक धडा कडूही आहे. तलावांभोवती ७५ मीटरपर्यंत बांधकाम नको, असा निकाल नागरिकांच्या गटांनी २०१६ मध्ये याच न्यायाधिकरणाकडून मिळविला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो पट्टा रद्द ठरविला. तात्पर्य, एकदा सही केली, एकदा निकाल मिळाला, म्हणजे प्रकरण संपले असे कधीच नसते.

शासकीय सेवक म्हणून आम्हाला आचरण-नियमांची मर्यादा आहे. कोणत्याही धोरणावर टीका करणे आमच्या कक्षेत येत नाही. अर्ज कसा करावा हे सांगण्यास मात्र कोणताही नियम आड येत नाही. टेबलाच्या पलीकडून अनेक वर्षे पाहिल्यावर आमचे अनुभवाचे बोल असे. अर्ज ज्याला अधिकार आहे त्याच्याच नावे असावा. सर्वांना प्रती पाठविलेला अर्ज बहुधा कोणाचाच राहत नाही. एका अर्जात एकच मागणी असावी. स्थळ, तारीख, सर्व्हे नंबर बिनचूक असावेत. विशेषणे जितकी कमी तितके बरे. सहीपुढे नाव व पत्ता असावा, कारण नाव नसलेल्या हजारांपेक्षा पत्ता असलेली पन्नास माणसे कचेरीला अधिक जड जातात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. ठराविक मुदतीनंतर त्या क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा विचारावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तीस दिवसांत उत्तर मागण्याचा हक्क आपणांस दिलेला आहे. ऑनलाइन सहीपत्रक जमविण्यास जरूर उपयोगी पडावे. पण शेवटी ते कोणीतरी छापून, क्रमांक घेऊन, योग्य टेबलावर नेऊन ठेविले पाहिजे. आणि न वाचता सही करू नये, हे तर सांगावयासच नको.

शेवटी एक नाजूक गोष्ट. आपल्या मंडळींत पुष्कळदा ऐकू येते, “आपण बाहेरचे, येथील भानगडीत कशाला पडा? येथले लोक पाहून घेतील.” ब्रिटनच्या संसदेकडील अर्जावर सही करण्यास तेथील नागरिकत्वच लागते असे नाही, त्या देशाचा रहिवासी असणे पुरते. लेस्टरमध्ये नोकरीसाठी गेलेला आपला भाचा तेथील शाळांसाठी सही करू शकतो. आणि आपण स्वतःच्या देशात, ज्या नळाचे पाणी पितो, ज्या हवेत नातवंडे वाढवितो, त्या बेळ्ळंदूरबद्दल मुके राहावयाचे? शहाजीराजांना सतराव्या शतकात बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी बोल या मातीत आहेत. पण जहागिरीचा दाखला आम्ही हक्क सांगण्यासाठी देत नाही. हक्क रहिवासाने येतो, आणि तो टिकतो शेजारधर्माने. म्हणून वॉर्डातील सहीपत्रक कन्नडमध्ये आले तर ते शेजाऱ्याकडून समजावून घ्यावे, आणि सही झाल्यावर कचेरीत जाणाऱ्या चार जणांत आपलाही एक असावा. कन्नड येत नाही ही सबब पन्नास वर्षांनंतर शोभत नाही.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांसाठी आमची एकच सूचना आहे. गणेशोत्सव, नाटके, वाचनालय यांच्या जोडीने एक साधी नोंदवही ठेवावी. या परिसरासाठी कोणता अर्ज कोणाकडे केला, आवक क्रमांक काय, उत्तर काय आले आणि पुन्हा कोणी विचारावयाचे, एवढेच तिच्यात असावे. ती वही एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, तर शतकमहोत्सवाला येथे जमणारी आपली नातवंडे या गावात पाहुणी म्हणून नव्हे, गावकरी म्हणून बसलेली असतील.