भरल्या ताटावरची भूक



 या अध्यक्षपदावरून मराठी ख्रिस्ती साहित्याचा आढावा घ्यायची रीत आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीपासून सुरुवात करायची, कवी रेव्हरंड टिळक पतिपत्नींना वंदन करायचं, तरुणांनी लिहावं असं सांगायचं आणि खाली बसायचं. आज मी ते करणार नाही. मला भांडायचं आहे, आणि एकाच वेळी तिघांशी.

आधी आपल्या वसईकडच्या लग्नांचं घेतो. वर्षभर आधी हॉल धरला जातो. मग प्री-वेडिंग शूट, ड्रोन, डीजे आणि हॉलच्या मागच्या अंगाला दारूचं काउंटर. रात्री बारानंतर बाटल्या संपल्या म्हणून नवऱ्यामुलाच्या काकाला चारचौघांत बोल लावलेले मी पाहिले आहेत. त्याच दिवशी देवळात दोन जिवांनी परमेश्वरासमोर एकमेकांना शब्द दिला होता, त्याची तिथे कोणाला आठवण नव्हती. सोमवारी सकाळी केटरर ओट्यावर येऊन बसतो आणि ठरल्यापेक्षा किती ताटं जास्त उठली ते सांगू लागतो. ते देणं फेडायला वाडीचा एक तुकडा जातो. जिथे पानवेली होत्या, जिथली राजेळी केळी सुकवून सुकेळी व्हायची, तिथे वर्षभरात इमारतीचा पाया खणलेला दिसतो. शेकडो माणसं जेवून गेली आणि यजमान मात्र उपाशीच राहिला. कारण त्याला जे हवं होतं ते ताटात नव्हतंच. त्याला आपण कोणीतरी आहोत हे गावाकडून ऐकायचं होतं, आणि गाव ते दोन दिवस बोलतं, तिसऱ्या दिवशी विसरतं.

यावर आपल्यातले काही उपदेशक बंदी सुचवतात. नाच नको, गाणं नको, पेला नको, हसणंही बेतानं. त्यांच्याशी माझा पहिला झगडा. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभू येशूने व्यसनमुक्तीवर व्याख्यान दिलं नाही. सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरायला लावले. योहानाने आपल्या शुभवर्तमानात त्या रांजणांचं माप नोंदवून ठेवलं आहे. आजच्या हिशोबाने एकेका रांजणात ८० ते १२० लिटर मावायचे. एका खेड्यातल्या लग्नासाठी एवढा द्राक्षारस, आणि तोही आधीच्यापेक्षा सरस! विरोधकांनी त्याला खादाड आणि दारुडा ठरवलं ते उगाच नाही. तो लोकांच्या पंक्तीला बसत होता. आणि याच येशूने रानात ४० दिवस उपास काढला. बंदीवाल्यांना फक्त रान दिसतं, मंडपवाल्यांना फक्त काना. दोन्ही ठिकाणी तोच होता, हे आपण केव्हा बघणार?

दुसरा झगडा गर्जना करणाऱ्या नव्या प्रचारकांशी आहे. मोठ्या मैदानावर मंच उभारायचा, माइक हातात घ्यायचा आणि विश्वास ठेवा म्हणजे फ्लॅट मिळेल, गाडी येईल, परदेशचा व्हिसा लागेल असं सांगायचं. हे शुभवर्तमान नव्हे. ही हावच आहे, तिच्यावर फक्त क्रूस ठोकला आहे. संत पौलाने फिलिप्पैकरांना समाधानाबद्दल लिहिलं तेव्हा तो बेड्यांत होता. भरपूर असताना कसं राहायचं आणि काहीच नसताना कसं राहायचं, दोन्ही आपण शिकलो, असं तो सांगतो. तुरुंगातून लिहिलेलं ते पत्र या मंचांवरून कधी वाचलं जात नाही.

आता तिसरा झगडा, आणि तो या सभागृहात बसलेल्यांशी आहे. लेखकांची हाव बाटलीपेक्षा मोठी असते. संत ऑगस्टीनने चौथ्या शतकातला आपला एक दिवस लिहून ठेवला आहे. मिलान शहरात तो वक्तृत्वाचा नावाजलेला शिक्षक होता. सम्राटाच्या स्तुतीचं भाषण करायला तो निघाला होता. त्यात बरंच खोटं भरलेलं होतं आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेले लोकच टाळ्या देणार होते. काळजीने जीव पोळत होता. वाटेत त्याला एक भिकारी दिसला, चार पैशांची दारू पिऊन हसत बसलेला. ऑगस्टीन सोबतच्या मित्रांना म्हणाला, आपण एवढा आटापिटा करतो तो ज्या सुखासाठी, ते याला आपल्याआधी मिळालं. ते सुख खोटं होतं हे त्याला कळत होतं. पण भिकाऱ्याची नशा रात्रीत उतरणार होती आणि आपली कीर्तीची नशा उशाला घेऊन आपण झोपणार, पुन्हा तिच्यासकट उठणार, हेही त्याला कळलं. इ. स. ३८७ च्या ईस्टरला संत अँब्रोजच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. पुरस्काराच्या यादीत नाव नाही म्हणून आठवडाभर कोणाशी न बोलणाऱ्या माझ्या लेखक-मित्रांनो, ते पान पुन्हा काढून वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. वस्तूत जेवढं सुख आहे तेवढंच तिच्याकडे मागणं म्हणजे संयम. पेल्यात पेल्याएवढं आहे, टाळीत टाळीएवढं. ज्याची तहान आधीच भागली आहे त्यालाच असं बेताने मागता येतं. दात-ओठ खाऊन केलेला संयम गावजत्रेपर्यंतही टिकत नाही. शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्री भर दुपारी विहिरीवर आली होती. पाच नवरे झाले होते, सहाव्याबरोबर राहत होती. येशूने तिच्या तहानेची लाज काढली नाही, ती तहान कशाची आहे ते तिला दाखवलं. पाण्यासाठी आलेली ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावली. घागर टाक असं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आपल्याच मातीत अशी घागर टाकणारी माणसं झाली. वसईचा गोन्सालो गार्सिया चांगला जम बसलेला व्यापारी होता. चालता धंदा सोडून तो मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर गेला. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभा केला. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं ते म्हणत. यातल्या कोणी आनंदाशी वैर धरलं असं मला वाटत नाही. टिळकांची मुलांसाठीची आणि फुलांवरची कविता वाचलेला माणूस तसं म्हणूच शकणार नाही.

आणि आपण? कॅथलिकांना १८ ते ५९ या वयात सक्तीचे उपास वर्षातून दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही एक पूर्ण जेवण घेऊन. सणांची यादी आपण वाढवत नेली आणि उपासाची या दोन दिवसांवर आणली. उपासाने पोट रिकामं होतं तेव्हा आपण खरे कशासाठी भुकेले आहोत ते कळतं. ते कळू नये म्हणूनच तर आपण सारखं काहीतरी तोंडात टाकत नसतो ना?

लग्नातल्या काउंटरवर बंदी घालणारा ठराव मी मांडणार नाही. माझी मागणी लेखकांकडे आहे. देवळांची वर्णनं, संतांची चरित्रं आपण पुष्कळ लिहिली. आता त्या सोमवार सकाळची गोष्ट लिहा, ओट्यावर केटररसमोर बसलेल्या बापाची. त्याची चेष्टा करू नका, त्याला उपदेशही करू नका. तो कशाचा भुकेला होता ते लिहा. आणि संपादकहो, ती गोष्ट आली की गावाला काय वाटेल याची फिकीर न करता छापा.