दोरी ओढण्याआधी टाकी बघा: जुन्या आऊटबोर्डचं पेट्रोल नेमकं कुठे अडतं?

आजचा भाग जरा तेलकट आहे. विषय आहे आमच्या होडीचं जुनं आऊटबोर्ड, ८ हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक. आणि माझी एक चूक, जी बाबांच्या आणि माझ्या जिवावर आली असती.

आमच्याकडे, म्हणजे मालवण तालुक्यात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. ते दोन महिने आमचं मशीन पडवीत पडून होतं आणि आत मे महिन्यातलं पेट्रोल तसंच. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळट थर राहतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं, त्यामुळे ते सगळ्यात आधी बुजतं.

ऑगस्टमध्ये मशीन चालू होईना. मी मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले, कार्बोरेटर खोलला, साफ केला, परत बसवला. पाण्याच्या पिंपात मशीन लावलं, दोरी ओढली, सुरू! दहा मिनिटं झकास चाललं. बाबा नुसतं म्हणाले, "टाकी-पाईप बघितलंस मां?" मी म्हटलं, "बघितलंय हो." बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवबागला, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीच्या ओढीत मी थ्रॉटल पूर्ण दिला. मशीन गुदमरलं आणि बंद पडलं. समोर लाटा फुटत होत्या आणि होडी त्यांच्याकडेच ओढली जात होती. मी वेड्यासारखी दोरी ओढत होतो. बाबा ओरडले, "दोरी सोड, नांगर टाक!" नांगर धरला म्हणून आज बोलतोय. अर्ध्या तासाने दुसऱ्या होडीने आम्हाला ओढून आणलं. वाटेत बाबा एक शब्द बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. पिंपात मशीनवर ताण नसतो, पेट्रोल थोडंच लागतं. पूर्ण थ्रॉटलला ते कितीतरी जास्त लागतं. म्हणून अर्धवट अडलेली लाईन पिंपात कळत नाही, पाण्यात कळते. त्या संध्याकाळी मी टाकीपासून सुरुवात केली. तोच क्रम तुम्हीही ठेवा.

पहिलं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला तर आत हवा शिरत नाही. मशीन पाच-दहा मिनिटं चालतं आणि मरतं. लाईनमधला रबरी फुगा चपटा झालेला दिसला, तर आधी हाच स्क्रू बघा.

दुसरं, पाणी. टाकीच्या तळाचं थोडं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसेल. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, ऑईल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी मात्र तळातून ओढते! असं पेट्रोल मशीनला पाजू नका. शिवाय जुन्या मशीनचे रबरी भागही इथेनॉलने लवकर खराब होतात.

तिसरं, पाईप आणि फुगा. फुगा दाबून कडक झाला पाहिजे. कडकच होत नसेल तर टाकीकडून हवा येते आहे, फुग्याचा व्हॉल्व्ह गेलाय, नाहीतर कार्बोरेटरची फ्लोटची सुई बसत नाहीये. सुई असेल तर कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकताना दिसेल.

माझ्या बाबतीत फुगा कडक व्हायचा आणि मिनिटभरात मऊ पडायचा. मशीनकडच्या कनेक्टरवर बोट फिरवलं तर ओलं. आतली ओ-रिंग तडकली होती. मशीन पेट्रोलऐवजी तिथून हवा ओढत होतं. एवढीशी रबरी कडी, मंडळी.

एक सोपी चाचणी आहे. मशीन मरायला लागलं की दुसऱ्याला फुगा दाबायला सांगा. जोर परत आला तर दोष लाईनमध्ये किंवा फ्युएल पंपात. पंपाचा पातळ पडदा कडक झालाय का, फाटलाय का, ते बघा. फुगा दाबूनही फरक पडला नाही, तर मग कार्बोरेटर खोला.

खोलताना प्लगची वायर काढून ठेवा, काम उघड्यावर करा, जवळ विडी-सिगारेट नको. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत बसेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा, म्हणजे परत तिथेच आणता येईल. जेट साफ करायला कार्ब क्लीनर आणि हवा वापरा, फार तर बारीक तंगूस. लोखंडी तार नको. पितळेचं भोक मोठं झालं की मशीन पेट्रोल पितं आणि प्लग काळा पडतो.

टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलातूनच जातं. म्हणजे पेट्रोल कमी पडलं की ऑईलही कमी पडतं. अशा मशीनला रेटत राहिलात तर पिस्टन जाम होईल. आमच्या मशीनला ५० ला १ मिश्रण लागतं, म्हणजे १ लिटरला २० मिली ऑईल. जुन्या काही मशीनला जास्त लागतं, तेव्हा तुमच्या मशीनचं पुस्तक बघा.

आणि हंगाम संपला की पाईप काढून मशीन पिंपात चालू ठेवा, कार्बोरेटर सुकून ते आपोआप बंद पडेपर्यंत. पाण्याशिवाय मात्र कधीच चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं.

ओ-रिंग बदलली आणि आम्ही परत निघालो. या वेळी आधी खाडीतच, किनाऱ्याजवळ, पूर्ण थ्रॉटलला वीस मिनिटं चालवलं. नांगर पुढ्यात, दोर मोकळा, वल्ही हाताशी. बाबांनी फुगा दाबून बघितला, कनेक्टरवर बोट फिरवलं, बोट लुंगीला पुसलं आणि म्हणाले, "चल आता."

तुमच्या मशीनने तुम्हाला कुठे दगा दिला, ते व्हॉइस नोटवर सांगा. भेटू पुढच्या भागात. आणि बाहेर पडताना नांगर विसरू नका.